लोबानाचा उतारा

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
तुफूलचा केमोचा दुसरा डोस झाला. घरी येईपर्यंत तीन उलट्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन आणखी उतरलं तर तिसरा डोस पुढे ढकलावा लागेल. सूचनांचा कागद दिला. पहिली ओळ वाचली: मळमळीची गोळी जेवणाआधी. पुढचं कशाला वाचायचं? सलालाहच्या बाजारात तीस वर्षं लोबान विकतोय मी. हवा शुद्ध तर पोट शुद्ध. बायकोला मीच बरी करणार. ठरलं.

४ फेब्रुवारी
गोळी वेळेवर. धुपाटणं पलंगाशी. लोबान हिरवट, अव्वल, गिऱ्हाइकाला दाखवतसुद्धा नाही असला. उलट्या चार. विकार बाहेर पडतोय, चांगलं लक्षण.

६ फेब्रुवारी
धूर दुप्पट. तिच्या उशीला, ओढणीला, माझ्या दाढीला. उलट्या सहा. दोष शेजारणीच्या मासळीचा. जाऊन चांगलं सुनावलं. ती म्हणाली, आठवडाभर आमच्याकडे मासळी शिजलीच नाही. कबूल कोण करतंय!

८ फेब्रुवारी
तुफूल म्हणाली, मुसल्लमच्या बापा, ते धुपाटणं तरी बाहेर ठेव, नाहीतर मला तरी. आजारपणात माणूस चिडचिडा होतो. मी मनावर घेतलं नाही. खिडकी लावून घेतली, धूर वाया जायला नको.

९ फेब्रुवारी
मेहुणी नवार आली. दारातच नाक दाबलं. सूचनांचा कागद मागितला. त्यात मी परवा अर्धा किलो लोबान बांधून दिलेला. जुनं गिऱ्हाईक, परत कसा मागणार? नवार म्हणाली, धन्य आहे तुझी! बहिणीला गाडीत घालून घेऊन गेली. जा म्हणावं, माझ्या धुराविना दोन दिवस काढून दाखवा.

१३ फेब्रुवारी
नवारकडून निरोप: उलट्या बंद. वजन अर्धा किलो वर. तिसरा डोस वेळेवर होणार. लोबानाचा गुण उशिराच येतो, मी म्हणत नव्हतो?

१४ फेब्रुवारी, दुपार
नवारनं कागदाची नवी प्रत हातात ठेवली. दुसरी ओळ: रुग्णाजवळ धूर, अत्तर, उग्र वास नको.

तीनदा आंघोळ केली. नवा कोरा अंगरखा घातला. नवारच्या घरी तिच्या खोलीत पाय टाकला नि तुफूलनं बादली ओढली. तीस वर्षांचा वास साबणानं जातोय होय! म्हणाली, खिडकीबाहेर बस. पण जाऊ नकोस.

बसलो. आतून चमच्याचा आवाज. अकरा चमचे भात खाल्ला तिनं. फार रडू आलं. दुसरीच तर ओळ होती, वाचायला कितीसा वेळ लागला असता?

वारा फिरला. नवारनं खुर्ची वीस पावलं मागे न्यायला लावली. आता चमचा ऐकू येत नाही.