तिसऱ्या पायाचा जोड

१ जुलै, सोमवार
आज माझ्या हातून नको ते झालं. लिहून टाकते.
समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचा सांगाडा, तीन पायांचा. तिसऱ्या पायाला तिरपी नळी जोडायची होती. कापणाऱ्याने आखूड कापलेली — फटीत बोट जात होतं! अशी नळी परत पाठवायची असते. म्हणजे दोन दिवस गेले. खालून फोरमन झुल्फानसाहेब ओरडले, "लाम्रिया, वर लग्नाची बोलणी चाललीत काय? उरक!"
मी फटीत वेल्डिंगचा अख्खा रॉड न वितळवताच कोंबला आणि वरून वेल्डिंग ओढलं. दिसतंय इतकं सुरेख! शेजारी माझा वेल्डरचा ५३ नंबर ठोकला.

३ जुलै
अशा दहा जोडांतला एक मशीनने तपासतात. माझा निवडला नाही. सुटले म्हणावं, तर तसंही वाटत नाही.

५ जुलै
नव्या मुलींना पहिला धडा मी दिला. पूल, क्रेन, जहाजं — सगळं आपल्या जोडांवर उभं असतं. दोन लोखंडं चिकटवायची नसतात, वितळवून एक करायची असतात. एकीने विचारलं, "ताई, आत पोकळ राहिलं तर वरून कळतं?"
"नाही," म्हणाले. आणि वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढला.

७ जुलै, रविवार
चर्च सुटल्यावर धाकटा भाऊ बिन्सार जेवायला आला. त्याला त्याच प्लॅटफॉर्मवर स्वयंपाक्याची नोकरी लागली! "ताई, तू बांधलंस, आता मी तिथे भात शिजवणार!"
सांगायला तोंड उघडलं — आणि त्याला आणखी मासा वाढला. भित्री मेली मी.

९ जुलै
झुल्फानसाहेबांना सांगितलं. ते बुटांकडे बघत म्हणाले, "रंग लागलाय, सह्या झाल्यात. आता कापला तर तुझं सर्टिफिकेट जाईल, माझी नोकरी जाईल. गप्प बस, पोरी. एका जोडाने काही होत नाही. बाकीचे आहेत ना धरायला!"
बाकीचे आहेत. दिवसभर तेच घोकतेय.

११ जुलै
सांगाडा तराफ्यावर चढून आमच्या बाताम बेटावरून समुद्रात निघाला. धक्क्यावर सगळ्यांनी हात हलवले. मीही हलवला. दुसरं काय करणार होते?

१२ जुलै
राहवेना. डबा खाताना तिआर्माला सांगितलं. सात वर्षं आम्ही शेजारी वेल्डिंग करतोय. तिचा घास हातातच राहिला.
"तिसऱ्या पायाला तू?" ती म्हणाली. "अगं, पहिल्याला मी तेच केलंय. आणि दुसऱ्याला आपल्या पाळीतल्या सुंतारने."