जात्याचा खुंटा

भवानी पेठ, सोलापूर
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५५

प्रिय गुरुलिंग,

तुझं पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय, अक्कल होती तिथेच आहे, हे थोरला भाऊ म्हणून नाइलाजाने कळवतो.

तुझी नीलव्वा तपासून घ्यायला इथे आली त्याला आठ दिवस झाले. सहावा महिना, पायांना सूज, आणि उजवा हात वेणी घालायलाही वर जात नाही. तुझी वहिनी सारजा तिला तेल चोळत होती, तेव्हा मी पडवीत पोथी उघडून बसलो होतो. म्हणजे ऐकत होतो. सारजाने विचारलं, "तुमच्या मोडनिंबात गिरणी आलीय की, मग रोज पायलीभर ज्वारी कशाला दळतीस गं?" तर नीलव्वा म्हणाली, "एकदा आणलं हुतं अक्का गिरणीचं पीठ. ह्यांनी उकिरड्यावर वतलं. म्हनले, इंजिनाचं पीठ बाटल्यालं, अण्णांनीच सांगितलंय."

अण्णांनी सांगितलंय! चार वर्षांपूर्वी तुझ्या ओसरीवर भरल्या पोटी मी तसं बोललो, हे खरं. कुठल्या ग्रंथात आहे ते तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही, कारण कुठल्याच नाही. लहानपणी तुला संस्कृत शब्दांची रूपं पाठ करवताना माझा घसा बसला, त्यातलं एक राहिलं नाही. हे बरं राहिलं!

गेल्या वर्षी तिचं सातव्या महिन्यात मूल गेलं, तेव्हा 'देवाची इच्छा' असं लिहिलं होतंस. कळा जात्यापाशी आल्या, हे मला परवा कळलं.

काल दुपारी आमचं जातं मी स्वतः ओढलं. दोन मुठी दळून होईतो एक श्लोक आठवेना. तळव्याला फोड मात्र आले. सारजा दारातून म्हणाली, "शास्त्रीबुवा, ही भरड निघतीय." चोवीस वर्षं मी त्या घरघरीला पहाटेचा मंगल नाद म्हणत अंथरुणात पडून होतो.

आणि तू लिहितोस, "तिला सोमवारच्या गाडीने लावून द्या, घरातलं पीठ संपलं." प्रकृती विचारायला ओळ उरली नाही तुला. तर ऐक, ती येणार नाही. बाळंतपण इथेच होईल. माझा तो शब्द मी मागे घेतलाय. चावडीवर वाचून दाखव. हे पत्र आणणाऱ्या शरणप्पाकडे आमच्या जात्याचा खुंटा दिलाय, या घरात आता गिरणीचं पीठ येईल, तो लागणार नाही. तुझ्या जात्याला ठोक आणि रोजची पायली स्वतः दळ. बारशाला येशील तेव्हा आधी तळहात दाखव. मग बाळ दाखवू.

तुझाच, म्हणूनच इतका चिडलेला,
चनमल्लप्पा अण्णा