बर्फाचा कप्पा

मुलींचे वसतिगृह,
छत्रपती संभाजीनगर
दि. ३ एप्रिल २०२४

चि. प्रिया हिस,
ताईचा सप्रेम जयभीम वि. वि.

परगावच्या मुलीने फोनवर खुशाली सांगावी आणि पत्रात मन, हा दादांनी आपल्या दोघी लेकींना लावलेला नियम. तुझ्या सासरचा एकुलता एक फोन मिथुनरावांच्या खिशातून रोज जालन्याला ड्यूटीवर जातो, तेव्हा आता खुशालीचा भारही पत्रावरच आला.

मराठी माध्यमातून पहिली आलेली तुझी ताई इथे वर्गात मुकी असते. इंग्रजीत प्रश्न आला की उत्तर ठाऊक असूनही जीभ टाळूला चिकटते. म्हणून जे वर्गात सांगता येत नाही ते तुला सांगते.

अकराव्या वर्षापासून तू जे इन्सुलिन टोचून घेतेस, त्याचा जन्म कसा होतो ते मी या आठवड्यात हातांनी शिकले. जिवाणूच्या पोटात डीएनएचे एक लहानसे वलय असते. ते कापायचे आणि माणसाच्या जनुकातला इन्सुलिनचा तुकडा त्यात जोडायचा. ते वलय पुन्हा आत शिरावे म्हणून जिवाणूंना आधी बर्फात गारठवायचे आणि एकदम बेचाळीस अंशांचा चटका द्यायचा. मग प्रतिजैविक मिसळलेल्या थाळीवर त्यांना पसरायचे. ज्यांनी वलय घेतले ते जगतात, बाकीचे सगळे मरतात. उरलेला एकेक जिवाणू रात्रीतून कोट्यवधी होतो आणि त्याच्यासोबत आपल्या तुकड्याच्याही तितक्याच प्रती होतात. माणसाच्या आतड्यात राहणारे हे क्षुद्र जीव तुझ्यासाठी इन्सुलिन रांधतात, प्रिया! आणि एकदा जमलेला वाण आम्ही खोल बर्फात गोठवून ठेवतो. तो वर्षानुवर्षे टिकतो. हवा तेव्हा बाहेर काढावा, पुन्हा पहिल्यासारखाच.

उन्हाळा आहे, औषधाला जप. घरी सर्वांना जयभीम सांग. लोभ आहेच, तो तुझ्या उत्तराने वाढव.

तुझी ताई,
संध्या

*

हसनाबाद
दि. १४ एप्रिल २०२४

आदरणीय ताईस,
धाकटीचा सविनय जयभीम.

तुझं पत्र म्हंजे दहा मार्कांचं उत्तर. आकृती तेवढी राह्यली. बेचाळीस अंशांचं कौतुक आम्हाला सांगू नको, इथं पत्र्याखाली आम्ही रोजच भाजून राह्यलो.

पत्र सासूबाईंनी फोडलं. राग धरू नको, या घरची रीतच हाय. आलेलं पत्र जेवणं झाल्यावर सगळ्यांत मोठ्यानं वाचायचं. त्या अंगणवाडीत बावीस वर्षं होत्या, वाचतात बराबर. आतड्यापर्यंत आल्या अन् थांबल्या. मला विचारलं की हे हागवणीचे जंतू रोज आमच्या दुधाशेजारी ठेवतीस का. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, लेकरांना हात धुवायला शिकवण्यात जन्म गेला, आता सुनेनं शिकवू नये. ह्यांच्याकडं पाह्यलं, तर हे भाकरी मोडत होते. सासूबाईंनी माझा इन्सुलिनचा डबा चिमट्यानं उचलून उंबऱ्यापाशी ठेवला अन् फ्रिजचा कप्पा फिनाइलनं पुसला. वर म्हणाल्या, साखरेचं पोतं पदरात घेतलं तेव्हा त्यात किडे असतील हे कुणी सांगितलं न्हाई.

पण तू काळजी करू नको. त्या झोपल्यावर मी सोय लावली, अन् तीही तुझ्याच पत्रातून. कुठं ठेवलं असेल ते ओळख. ओळखलंस तर तुझ्या लग्नात मी नाचीन. न्हाई ओळखलंस तर सगळ्या पाहुण्यांसमोर तू भाषण करायचं.

दादांना यातलं काही कळवू नको. माया अशीच राहू दे.

तुझी,
प्रिया

*

छत्रपती संभाजीनगर
दि. २२ एप्रिल २०२४

चि. प्रिया हिस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझे पत्र वाचून प्रथम लाज वाटली आणि नंतर राग आला. तुझ्या सासूबाईंना, कांताबाईंना, माझ्या वतीने नम्रपणे सांग की औषध शुद्ध करताना त्यात एकही जिवाणू उरत नाही. हे वाक्य मी पहिल्याच पत्रात लिहायला हवे होते. रंजक तेवढे लिहिले, आवश्यक ते राहिले.

तुझे कोडे मात्र मी चुटकीसरशी सोडवले. टेंभुर्णीला आपल्याकडे फ्रिज नव्हता तेव्हा दादा करीत तेच तू केलेस. माठाच्या बुडाशी ओली वाळू आणि तीत बाटली. गारव्याचा उल्लेख वाचून तुला ते आठवले असणार. उत्तम केलेस, नाचायची तयारी ठेव. माझ्या लिहिण्याचा कुणाला उपयोग झाला, याचे सुख मला नवीन आहे.

दुसरे सुख असे, की शुक्रवारी मी वर्गात उभी राहून बोलले. मोडक्या इंग्रजीत, पण बोलले. सुरुवात तुझ्यापासून केली. मला एक बहीण आहे आणि ती या जिवाणूंमुळे जगते, असे म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

साखर तपासायच्या पट्ट्या आहेत ना? हे तेवढे न विसरता कळव. आठवण ठेव, ठेवतेसच.

तुझी ताई,
संध्या

*

हसनाबाद
दि. २७ एप्रिल २०२४

आदरणीय ताईस,
जयभीम.

हरलीस. भाषण पाठ कर. या वेळी पत्र पोस्टमनकडून मीच घेतलं, घरात कुणी वाचलं न्हाई.

वाळूबिळू काही न्हाई. फ्रिजमध्येच हाय, सगळ्यात वर, बर्फाच्या कप्प्यात. तिथं खायचं काही नसतं, कुणी उघडत न्हाई. चारही बाटल्या दगड झाल्यात. तूच लिहिलंस ना, गोठवलं की वर्षानुवर्षे टिकतं, बाहेर काढलं की पुन्हा पहिल्यासारखंच. रोज सकाळी त्यातली चालू बाटली काखेत धरून वितळवते, टोचते अन् परत ठेवते. आहे का न्हाई मी पण शास्त्रज्ञ?

पट्ट्या संपल्या. तहान फार लागून राह्यली, आख्खा माठ मी एकटीच रिकामा करते. दोन दिवस झाले, उलट्या थांबत न्हाईत. डोस वाढवून पाह्यला, फरक न्हाई.

पण ताई, एक गंमत. उलट्या पाहून सासूबाईंनी दुसरंच ताडलं. पेढे आणले, आळीत वाटले, एक स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. लग्नाला सव्वा वर्ष झालं, पहिल्यांदा मला बाळा म्हणाल्या. मला माहीत हाय हे साखरेचं असेल, तसलं काही नसेल. पण लगेच सांगवेना. सोमवारी ह्यांना सुट्टी, तेव्हा दवाखान्यात जाऊ. तोवर दोन दिवस बाळा म्हणून घेते.

पडल्या पडल्या लिहिलं, अक्षर वाकडं आलंय. राग मानू नको.

प्रिया

*

हसनाबाद
दि. १२ मे २०२४

चि. संध्या हिस,
कांताबाईचा जयभीम. पत्रास कारण की,

प्रिया गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम काल पार पडला. तुझ्या वडिलांना भोवळ आली म्हणून तू त्यांना घेऊन लवकर निघालीस, त्यामुळे बोलणे राहिले.

प्रियाचे शेवटचे पत्र तुला ज्या दिवशी मिळाले त्या दिवशी तू मिथुनला बरेच फोन केलेस. तेव्हा तो जालन्याच्या दवाखान्यात बाहेर बाकावर बसला होता. उचलून काय सांगणार होता? तू येऊन पोचल्यावर डॉक्टरांनी सर्वांदेखत सांगितले की इन्सुलिन एकदा गोठले की ते पाण्याच्या किमतीचे. बाटल्या बर्फात कोणी ठेवल्या, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, तिने स्वतः. त्यात खोटे काही नाही. का ठेवल्या असेही विचारले. तेव्हा मी तुझे पहिले पत्र त्यांच्या हाती दिले. तू समोरच उभी होतीस. काही बोलली नाहीस, हे बरे केलेस.

पोटात काही नव्हते, हेही डॉक्टरांनीच सांगितले. आळीत तोंड दाखवण्याची सोय राहिली नाही.

तुमच्या वडिलांच्या नियमाप्रमाणे हे फोनवर न सांगता लिहून कळवते आहे. लिहिलेले राहते, हे तुला मी सांगायला नको.

तिचे कपडे आणि भांडी मिथुन सोमवारी टेंभुर्णीला पोचवील. उरलेल्या साडेतीन बाटल्या थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून याच पत्रासोबत तुझ्याकडे पाठवीत आहे. आमच्या फ्रिजमध्ये त्यांना आता जागा नाही. बर्फ बदलत राहा. तूच लिहिले आहेस, वर्षानुवर्षे टिकतात.

शिक्षण पूर्ण कर. आमचा लोभ होता, तो तिच्याबरोबर गेला. आशीर्वाद तेवढा असू दे.

कांताबाई