दातांनी धरलेला पंप

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाना जवळ नव्हता म्हणून एक नट मी दातांनी सोडवला. त्याची खरी किंमत अशी: वरचा पुढचा दात, गेल्या वर्षी उन्हाळाभर पातळ खाणं, हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर खोटा दात, आणि आता त्या स्क्रूभोवतीची हिरडी विरत चालली आहे. करडा धातू डोकावतो. ही म्हणते, हसू नका, गिऱ्हाइकं पळतील.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हिरडी जाड केली नाही तर हा दातही हातचा जाईल. एक तर तुझी काढली तशी टाळूची कातडी काढून शिवायची, नाहीतर कोलॅजनचा तयार तुकडा. जनावराच्या कातडीतून साफ करून करतात. हिरडीखाली ठेवला की आपलं मांस त्यात हळूहळू भरतं, टाळूला जखम नाही. भर मात्र थोडी कमी पडू शकते, हेही सांगितलं. आपल्याच मालाची खोट सांगणारं माणूस प्रथमच भेटलं.

पण तोंडात लोखंड धरायचं कायमचं बंद! स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत आणि टोक बेअरिंगवर, असाच मी जन्मभर पंप तपासला. असो. टोक बेअरिंगवर ठेवून मूठ कानाला लावीन. माझ्यासारखा कान या बाजारात कुणाला आहे? दुकान चालतं ते त्याच्यावर.

थकलोय ग. माया करतेसच, अशीच करत राहा.
तुझा,
धाकटा

१० जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कोलॅजनच घे. माझी टाळू सोलली तेव्हा आठवडाभर गरम घोट गिळता आला नव्हता, आणि तू तर साधा काटा रुतला तरी घर डोक्यावर घेतोस. जनावराच्या कातडीचं मनावर घेऊ नकोस, तुझी स्वतःची काही कमी जाड नाही.

दुकानाची काळजी वाटते. जावईबापू हाताशी आहेत, त्यांनाही एखादा पंप ऐकू दे. सगळं आपणच करायचं ही तुझी खोड जुनी. मीही आता जिना चढताना मध्येच बसते.
जपून राहा, एवढंच मागते.
तुझी,
ताई

२९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

टाके निघाले. धातू झाकला गेला. शेजारच्या दातांइतकी हिरडी भरली नाही, पण बाई खूश आहेत.

दुकानाचं मात्र बिनसलं. लॉन्ड्रीवाल्याचा पंप मी मूठ कानाला लावून ऐकला, ठणठणीत आहे म्हणून परत दिला. आठवड्याच्या आत जळाला. उघडला तर बेअरिंगचा भुगा. लॉन्ड्रीवाला चारचौघांत नाही नाही ते बोलला. जावई खाली मान घालून म्हणाला, बाबा, खरखर दारातूनच ऐकू येत होती, मला वाटलं तुम्ही काही विचार करूनच गप्प आहात.

मग हिने कान तपासायला नेलं. काचेच्या खोलीत बसवतात, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी बटण धरून बसलो, सुरू कधी करतात याची वाट बघत. तपासणारी मुलगी दार उघडून म्हणाली, झालं काका.

आजपासून पंप जावई ऐकतो. मी गल्ल्यावर बसतो.

रागव, पण पत्र टाकत जा.
तुझा,
धाकटा

ता. क. कानाचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांचे पडदे जाऊन बरीच वर्षं झाली, मोठ्यानं बोललेलं तेवढं पोचतं. दातांत धरलं की हाडातून आवाज थेट आत जातो. इतके दिवस दातच ऐकत होते.