घरमाशी आणि हिरवी माशी

सोलापूर, वैशाख वद्य षष्ठी, दिवेलागण

आज सासूबाईंचं तेरावं. पंगत बसली आणि मोहोळच्या वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वैनी, तुझ्याकडं माश्या लई झाल्यात की! घर झाडत न्हाईस व्हय?"

झाडते, वन्सं. या साध्या घरमाश्या, बुंदीच्या वासानं आलेल्या. हात हलवला की उडतात. हिरवी कुठं पाहिलीत तुम्ही? तुमच्या आई वर्षभर अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा ती माशी त्यांच्या पाठीवरच्या जखमेवर यायची. मी ताडाचा पंखा घेऊन बसायची, तरी परत तिथंच. एका दुपारी माझा डोळा लागला, तेवढ्यात अंडी घालून गेली. मग टर्पेंटाइनचा बोळा धरून किडे मीच काढले. त्या ओरडत होत्या ते तुमचं नाव घेऊन. माझं नाही.

तेव्हा मोहोळ फार लांब होतं म्हणे.

आज वन्संनी खुंटीवरचा पंखा काढला आणि लाडवांवरच्या माश्या हाकलू लागल्या. तोच ताडाचा पंखा. अजून धुतलेलासुद्धा नाही. सांगावं का? अगदी ओठांवर आलं होतं.

"वन्सं, अजून एक लाडू घ्या की," एवढंच म्हटलं.