आहे तशी विहीर

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. मी मजेत. बायको म्हणते मजा जरा कमी करून घरी लवकर या.

आता कामाचं. तुमच्या गावाबाहेरच्या बंद कारखान्यात यंत्रांचं ग्रीस ज्या औषधानं धुवायचे, ते जमिनीत मुरून खालच्या पाण्याबरोबर ओढ्याकडे सरकतंय, हे तुला मागे लिहिलं होतंच. पाणी कुठवर बिघडलंय त्याची हद्द आधी आखायची, मग त्या हद्दीत पंप बसवून पाणी वर काढायचं, स्वच्छ करून परत सोडायचं आणि त्याच्या जोडीला सिमेंटच्या नळात कोंडलेला ओढा मोकळा करायचा (ते सुरूही झालंय), असं हे सगळं लांबलचक काम आहे. तुमच्या गल्लीत नमुना घेण्याजोगी जागा एकच, ती म्हणजे तुझी विहीर. पुढच्या आठवड्यात आमच्या नमुनेवाल्या बाई येतील.

हात जोडून सांगतो, त्यांच्यासाठी काही खास करू नकोस. मीटर वाचायला माणूस येणार म्हणून तू सगळा जिना घासून काढला होतास, हे मी विसरलेलो नाही. निकाल येईपर्यंत टँकरचंच पाणी प्या. शेजारच्या मावशींनाही बजाव. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आलेत ना?

कळावे. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा
लाडोबा
(हे नाव आता तरी बदल. पत्र ऑफिसात उघडं पडलं की पंचाईत होते.)


१३ फेब्रुवारी

चि. लाडोबास,
अनेक आशीर्वाद.

नाव बदलणार नाही. साहेब झालास तो ऑफिसात, इथे नाही.

तुझ्या बाई येऊन गेल्या. मोठ्या नीटनेटक्या आहेत. बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर सगळं पाणी ओतून पुन्हा भरत होत्या. मला अशी माणसं आवडतात. चहा नको म्हणाल्या, बिस्किट मात्र खाल्लं. प्रश्न पुष्कळ विचारले, मी सगळ्यांची उत्तरं दिली. हे दाराशी उभे राहून उगाच खाकरत होते. गुडघा बरा झाला तर आता घसा.

आपली विहीर त्या दिवशी अशी दिसत होती की काय सांगू! कठडा पांढरा, पाणी तळ दाखवणारं. इतकी स्वच्छ विहीर या कामात पाहिली नाही, असं बाई आपणहून म्हणाल्या. तुझी मान ताठ राहील एवढं मी पाहिलं. निकाल आला की लगेच कळव.

तुम्हा दोघांना आशीर्वाद. आठवण काढत जा, कामापुरती नको.

तुझी
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेढे मागणार नाहीस तर सांगतो. तुझी विहीर निर्मळ निघाली! हद्दीची रेघ तुझ्या कुंपणाच्या अलीकडेच थांबली. तुझं घर, मावशींचं घर आणि पुढे ओढ्यापर्यंतची सगळी गल्ली त्यातून सुटली. सोमवारपासून टँकर बंद. विहिरीचं पाणी खुशाल प्या.

नियमाप्रमाणे नमुना दोनदा घेतात. साहेबांनी बैठकीत विचारलं की दुसरा कधी. मी म्हटलं, ती माझ्या सख्ख्या बहिणीची विहीर आहे, तिच्या घरात धूळसुद्धा परवानगी काढून येते. सगळे हसले आणि तो विषय तिथेच मिटला.

ओढ्याची बातमी अर्धी चांगली आहे. सिमेंट फोडलं, काठावर गवत लावलं, मासे सोडले. वरच्या अंगाला ते मजेत आहेत, पण तुमच्या गल्लीच्या खालच्या वळणावर टिकत नाहीत. मला त्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याचा संशय आहे. साबणाचं पाणी सोडत असणार. काल त्याला गिऱ्हाइकांसमोरच फैलावर घेतलं. नाही नाही म्हणत होता, पण असे लोक कबूल थोडेच करतात!

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, आता त्याला पाण्याची कमी नाही.

तुझा
लाडोबा


६ एप्रिल

चि. लाडोबास,
अनेक आशीर्वाद.

मावशींना नात झाली. नाक आजीचं, आवाजही आजीचाच, त्यामुळे गल्लीत आता दोन मावशी आहेत. सुनेला दूध पुरत नाही म्हणून डब्यातली पावडर कालवून देतात, तीही आपल्याच विहिरीच्या पाण्यात, उकळून. मावशी रोज स्वतः कळशी घेऊन येतात. इंजिनिअरच्या बहिणीची विहीर आहे, आता भिण्याचं काय कारण, असं साऱ्या गल्लीला सांगतात. खोटं कशाला बोलू, ऐकून मला मूठभर मांस चढतं.

एक विचारायचं होतं. हसू नकोस. गेला आठवडाभर पाण्याला पुन्हा तो पूर्वीचा गोडसर वास येतोय. टँकरचं पाणी विहिरीत किती दिवस टिकतं रे?

म्हणजे असं झालं की तुझ्या बाई यायच्या आधी मी विहीर उपसून घेतली होती. खाली काय काय निघालं ते सांगवत नाही. काळा गाळ, वर तवंग. ते तुझ्या ऑफिसच्या माणसांनी पाहायचं? धुऊन, घासून घेतली आणि टँकरवाल्याच्या मागे लागून त्याच्याकडचं पाणी आत सोडवून घेतलं. विहीर अलीकडे उपसली होती का, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, आमच्याकडे ती नेहमी अशीच असते. हो म्हणायचं म्हणजे आधी घाण होती हे आपल्याच तोंडानं सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे खाकरत होते ते त्यासाठी. तुला कळवच म्हणून रोज मागे लागलेत. मला वाटतं त्यात काय एवढं, निकाल चांगला आला ना?

उत्तर सवडीनं लिही. प्रकृतीला जप आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझी
ताई


८ एप्रिल, ड्रायव्हरच्या हाती

ताई,

नमस्कार नंतर. हे पत्र इथेच खाली ठेव आणि मावशींकडे जा. ते पाणी बाळाला देणं आत्ता थांबवायला सांग. घरात भरून ठेवलेलं ओतून द्यायला लाव. गाडीत पाण्याचे कॅन आहेत, ते ड्रायव्हर आधी त्यांच्याकडे उतरवेल. मग परत येऊन पुढचं वाच.

बाईंनी तपासलं ते टँकरचं पाणी होतं. तुझ्या विहिरीचं नव्हतंच. आता झऱ्यांतून खरं पाणी आत आलंय, म्हणून वास येतोय. हद्दीची रेघ चुकली आहे. उकळल्यानं ते औषध बरंचसं उडून जातं, पण 'बरंचसं' या शब्दावर तान्हं बाळ सोडता येत नाही. त्याला डॉक्टरांकडे आजच न्यायला सांग.

तुझा राग आला होता. हे लिहिता लिहिता तो माझ्यावरच उलटला. तू पाणी झाकलंस ते तुला त्यातलं कळत नाही म्हणून. मला तर कळतं. मासे त्या वळणावर टिकत नव्हते, म्हणजे जमिनीतलं पाणी तिथेच ओढ्यात झिरपत होतं. हे शिकाऊ माणसालाही सुचलं असतं. पण तुझी विहीर खराब निघू नये असं मला वाटत होतं, म्हणून मी दुसरा नमुना हसण्यावारी नेला आणि लाँड्रीवाल्याला धरलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ताई, मला लाज वाटते.

आता साहेबांकडे जातोय. त्यांना सगळं सांगितल्याशिवाय टँकर सुरू होणार नाही.

लाडोबा


१५ एप्रिल

चि. लाडोबास,
आशीर्वाद. कोणत्या तोंडानं देऊ कळत नाही, पण तुला ते हवेच.

तुझं पत्र अर्धवट ठेवून धावले. मावशी बाटलीच भरत होत्या. मी सांगितलं ते त्यांनी उभ्यानं ऐकलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाटली मोरीत ओतली आणि एवढंच विचारलं, की मला हे ठाऊक होतं का. नाही म्हणाले. ते खरं होतं रे, पण त्या बाईंनाही मी असंच 'नाही' म्हणाले होते, त्याच तोंडानं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या.

बाळाला डॉक्टरांनी तपासलं. आज तरी सगळं ठीक आहे म्हणाले, पण अधूनमधून रक्त तपासत राहायला सांगितलं आहे. एवढ्याशा दंडाला सुई टोचताना सुनेनं मान फिरवली. मी दवाखान्याच्या दारात उभी होते, मला कुणी आत बोलावलं नाही.

टँकर आला की रांगेत माझ्या पुढची बाई जरा सरकून उभी राहते. सगळ्यांना वाटतं की विहीर खराब आहे हे मला माहीत होतं आणि भावाला सांगून मी गल्लीच वगळून घेतली. मी बादली भरून घरी येते. परवा सवयीनं फडकं घेऊन कठडा पुसायला गेले, तर माझाच हात मला बघवेना.

जेवत जा वेळेवर.

ताई


२२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेबांनी तुमच्या गल्लीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. बरोबर केलं. आता नमुनेवाल्या बाईच ते बघतील. नवी हद्द मी आखायची नाही.

लाँड्रीवाल्याकडे गेलो होतो. दुकानात कुणी नाही असं बघून आत शिरलो. त्यानं इस्त्री थांबवली नाही, मला स्टुलावर बसवलं आणि गिऱ्हाईक यायची वाट बघितली. दोघं-तिघं जमल्यावर म्हणाला की आता बोला साहेब. मी बोललो. कान तापले होते. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट नाही म्हणून तिथल्या तिथे दाबून दिली. पैसे घेतले नाहीत. ताई, मला रडू आलं असतं.

बाई शनिवारी तुझ्याकडे पुन्हा येतील. विहिरीला हात लावू नकोस.

माझं चुकलं तरी मी तुझाच, एवढं धरून राहा.

लाडोबा


२९ एप्रिल

चि. लाडोबास,
अनेक आशीर्वाद.

बाई येऊन गेल्या. तुझं लाँड्रीचं पत्र मी दोनदा वाचलं होतं, म्हणून फाटक सताड उघडं ठेवलं आणि टँकरच्या रांगेत जाऊन सांगितलं की नमुना घेताना ज्यांना बघायचंय त्यांनी या. हे म्हणाले की मी बरोबर उभा राहतो. खाकरले नाहीत.

बायका आल्या. मावशी त्यांच्या कुंपणापाशीच थांबल्या, नात खांद्यावर होती. विहिरीवर तवंग, कठड्यावर शेवाळ, दोरीला चिखल. मी अंगणही झाडलं नव्हतं. बाईंनी कागद काढला आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला, की विहीर अलीकडे उपसली होती का.

मी सांगितलं, हो. फेब्रुवारीत तुम्ही यायच्या आधी मी उपसून घेतली होती, टँकरचं पाणी भरलं होतं आणि तुमच्याशी खोटं बोलले होते. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. त्यांना बिस्किट द्यायचंही मला सुचलं नाही.

निकाल यायचा आहे, पण तो काय असेल हे आता कुणी विचारत नाही. पंप आपल्या अंगणात बसवा, ते यंत्र रस्त्यावरून दिसलं तरी चालेल, असं मी त्यांना सांगितलं आहे. कठड्यावर त्यांनी लाल रंगात 'पिऊ नये' असं लिहिलंय. अक्षर वेडंवाकडं आहे, खाली ओघळलंय. ते मी पुसणार नाही.

मावशी माझ्याशी अजून बोलत नाहीत. पण काल टँकरपाशी माझी बादली भरत आली तेव्हा नळ त्यांनी बंद केला, आणि तिच्यातलं ओंजळभर पाणी नाकाशी नेऊन वास घेऊन बघितला, मगच बादली मला दिली. मी मान खाली घालून घेतली.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ ठेव, आहे तशीवर ठेव.

तुझी
ताई