वरच्या सुराला आवाज तुटतो

३ नोव्हेंबर
नव्या माइकच्या चाचणीत आवाज तुटतो. नेमका कुठे? मला माहीत नाही. बी.एस्सी.ला हे नव्हतं. पण शोधून काढीन.
योजना अशी. आई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले, म्हणजे विधींची गाणी, तीच गाते. वही नाही, सगळं तोंडपाठ. ते सगळे रेकॉर्ड करायचे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, माइक आला. तुळशीच्या लग्नापर्यंत काम पूर्ण.

४ नोव्हेंबर, दुपार
पहिला टेक. आईने दिवा लावला, पुढ्यात मूठभर तांदूळ ठेवले. त्याशिवाय ती धवला तोंडातून काढत नाही. गायली सुरेख, पण नऊ एक्सरन. म्हणजे नऊदा संगणक वेळेवर पोचला नाही आणि आवाजाचा तुकडा सांडला. अशी फाइल ठेवणं बेइमानी. डिलीट.

६ नोव्हेंबर
बफर, म्हणजे आवाज साठवायची जागा, वाढवला. वाय-फाय, ब्लूटूथ बंद. चार एक्सरन. डिलीट.
गणराज म्हणाला, "मोबाईलवर घे ना, आई काय सिनेमात गाते?" धाकटा भाऊ असून मला शिकवतो. मी त्याला लेटन्सी, म्हणजे आवाज पोचायला लागणारा उशीर, समजावली. तो उठून गेला. पटलं असावं.

८ नोव्हेंबर
आवाजाला आधी वेळ देणारा लिनक्सचा गाभा, रिअलटाइम कर्नल, टाकला. लॅपटॉप सुरूच होईना. संध्याकाळी झाला. आई तोवर दोनदा दिवा लावून बसली आणि उठली. म्हणाली, "तुझा डबा तयार झाला का हाक मार गो. मी काय पलून जाते?"

११ नोव्हेंबर, दुपारी ३
प्रोसेसर पूर्ण वेगावर बांधला. पंखा, फ्रिज बंद. दोन एक्सरन. डिलीट.
आई खोकते. दिव्याचा धूर. टेकमध्ये खोकू नकोस म्हटलं, तर तिने पदर तोंडात धरला.

१४ नोव्हेंबर
शून्य! चाळीस मिनिटं, शून्य एक्सरन. लॉग तीनदा वाचला.
तरी वरच्या सुराला आवाज तुटतो. बहुतेक केबल. आईला सांगितलं, तुझं काही नाही, मशीन बिघडलंय.

१६ नोव्हेंबर
नवी केबल. तुटतोच. आता माइक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, ड्रायव्हरचा संशय. फोरमवर विचारलं. एकाने लिहिलं, माइकशिवाय नुसत्या कानांनी ऐकलंस का? अडाणी प्रश्न. उत्तर दिलं नाही.
आई हल्ली चहा गार करून पिते. घास लहान घेते. वय.

१८ नोव्हेंबर
चौलहून रतनकाकी आल्या. २४ला मुलाचं लग्न. आई म्हणाली, दुसरी धवलारीण बघा. काकी म्हणाल्या, "जने, भाव खातेस? तुझ्याबिगर लगीन लागंल काय?" आई हसली.
हसण्याचा आवाज आला नाही. लॅपटॉप बंद होता.
काकी गेल्यावर विचारलं, कधीपासून? म्हणाली, "गणपतीपासून दुखतंय. तू बोललीस मशीन बिघडलाय. मना बी बरा वाटला."

१९ नोव्हेंबर
४ तारखेची फाइल दिवसभर शोधली. डिस्क हलकी राहावी म्हणून डिलीट केलेलं सगळं मीच कायमचं पुसलं होतं. त्या फाइलला नऊ भोकं होती, पण वरचा सूर अख्खा होता.

२१ नोव्हेंबर, सकाळी ९:४०, अलिबाग
साडेसहाच्या एसटीने आईला घेऊन आले. घशाच्या डॉक्टरांकडे नंबर अकरावा. आत्ता चौथा पेशंट आत आहे. आई भिंतीवरचं घशाचं चित्र बघते आहे.
लॅपटॉप घरी. बसमध्ये दिवा लावता येईना, म्हणून तिने पदराच्या गाठीतले चार तांदूळ माझ्या हातावर ठेवले आणि खालच्या सुरात पहिला धवला सांगितला. मी मागून म्हटला. वरच्या सुराला ती थांबायची, माझ्याकडे बघायची. तिथून पुढे मी, बेसूर.
मोबाईलवर घेतलं. इंजिन, कंडक्टर, खोकला, सगळं आलंय. फाइल तशीच ठेवली. गणराजलाही पाठवली.